मुलाचा हिस्सा मुलीच्या नावावर ठेवू का?

ताई, तुम्ही लिहिलंय की मुलगा 22 वर्षांचा आहे, ऑटिझम आहे, अमेरिकेत त्याला एसएसआय (कमी उत्पन्न असलेल्या अपंगांना दरमहा मिळणारी सरकारी रक्कम) आणि मेडिकेड (सरकारी आरोग्य विमा) मिळतं, आणि तुमच्या दोघांच्या माघारी घर, इन्शुरन्स सगळं मुलीला द्यायचं, ती भावाला बघेल, म्हणजे ट्रस्टसाठी वकिलाचा खर्चही नको. मी स्पष्टच सांगतो, असं करू नका.

मुलगी चांगलीच आहे हो, प्रश्न तिच्या मनाचा नाहीये. पैसे तिच्या नावावर आले की कायद्याने ते तिचे, उद्या तिचा घटस्फोट झाला, तिच्यावर कुणी दावा लावला किंवा तीच आधी गेली तर भावाचा त्यावर काडीचाही हक्क नाही. आणि थेट मुलाला ठेवणं तर त्याहून वाईट, एसएसआयला त्याच्या नावावर 2,000 डॉलरच्या वर चालत नाही, 1989 पासून हा आकडा हललेलाच नाही, इन्शुरन्सचा चेक आला की एसएसआय बंद आणि बऱ्याच राज्यांत पाठोपाठ मेडिकेडही. वकिलाच्या खर्चापेक्षा ते जास्त महागात पडतं.

थर्ड पार्टी स्पेशल नीड्स ट्रस्ट करा, म्हणजे अपंग मुलासाठी दुसऱ्यांच्या पैशांतून केलेला ट्रस्ट. यात टाकलेले पैसे मुलाचे नाही, तुमचे असतात, त्यामुळे मुलाच्या पश्चात उरलेलं मेडिकेडला परत द्यावं लागत नाही, मुलीला जाऊ शकतं. मुलाचे स्वतःचे पैसे मात्र यात चुकूनही टाकू नका, त्यासाठीचा ट्रस्ट वेगळा.

ट्रस्टी, म्हणजे ट्रस्टचा कारभार बघणारी, मुलगीच असू दे, फक्त तिला आत्ताच शिकवा. मुलाच्या हातात रोख दिली तर एसएसआय जवळजवळ तेवढीच कापली जाते, म्हणून फोनचं, थेरपीचं बिल ट्रस्टमधून परस्पर भरायचं. सप्टेंबर 2024 च्या शेवटापासून किराणा भरला तरी कपात नाही. घरभाडं भरलं तर होते, पण त्या कपातीला मर्यादा आहे, बरं घर मिळत असेल तर मी तरी ती कपात सोसेन.

आणि प्लीज, इन्शुरन्स आणि 401-केचे (नोकरीतल्या निवृत्ती खात्याचे) बेनिफिशरी फॉर्म, म्हणजे तुमच्या माघारी पैसे कुणाला जायचे ते लिहिलेले फॉर्म, आजच उघडून बघा, तिथे मुलाचं नाव असेल तर विलमध्ये काहीही लिहा, पैसे फॉर्मप्रमाणेच जातात. भारतातल्या आजीआजोबांनाही सांगा, नातवाच्या नावाने प्रेमाने केलेली एफडीसुद्धा मोजली जाऊ शकते, त्यांना द्यायचंच असेल तर ट्रस्टला द्या म्हणावं.