रेशीमकोष बारीक का पडतात? वाचकांच्या शंका

प्रश्न : एप्रिलच्या पिकात अळ्या लवकर पक्व झाल्या, पण कोष बारीक पडले. तुतीचा पाला तर भरपूर टाकला होता. – एक शेतकरी, जत

उत्तर : लवकर पक्व झाल्या, इथेच गोम आहे. उष्णतेत अळीचे वाढीचे दिवस भराभर सरतात, मात्र खाणे त्या मानाने वाढत नाही आणि खाल्लेल्यातले बरेचसे श्वसनात खर्ची पडते. वजन पुरते भरायच्या आतच ती कोष विणायला लागते.

ऊन नडले की पाला, हे ओळखायची सोपी रीत आहे. पाचव्या, म्हणजे चार वेळा कात टाकल्यानंतरच्या शेवटच्या अवस्थेच्या सहाव्या दिवशी रॅकच्या वेगवेगळ्या कप्प्यांतून 10 अळ्या घेऊन तोला. दुबार (वर्षाला दोन पिढ्या देणाऱ्या) जातीत दहा मिळून 40 ते 45 ग्रॅम भरायला हव्यात. वजन कमी आणि पाचवी अवस्थाही नेहमीच्या सातेक दिवसांऐवजी पाचातच उरकली, तर दोष उन्हाचा. वजन कमी पण दिवस लांबलेले, तर आधी पाल्याकडे बघा. या अवस्थेच्या सुरुवातीला उपासमार झाली की अळी वजनाची वाट पाहत थांबते. ठरावीक वजन ओलांडल्यावर मात्र ती थांबत नाही. मग पाला तुटला तरी कोष करते, तो बारीकच.

या अवस्थेला 24 ते 25 अंश तापमान आणि सुमारे 70 टक्के आर्द्रता मानवते. जतच्या एप्रिलमध्ये पत्र्याखाली ते साधणे कठीण. पत्र्यावर उसाच्या पाचटाचा जाड थर द्या, खिडक्यांना ओली गोणपाटे लावा, गरम हवा वरून बाहेर पडू द्या. पंखा थेट अळ्यांवर नको, पाला सुकतो. थर्मामीटर दाराशी न टांगता सर्वांत वरच्या कप्प्याजवळ टांगा आणि दुपारी तीनला वाचा. खरी झळ तिथे बसते.

"भरपूर टाकला" म्हणजे भरपूर खाल्ला असे नव्हे. अळी आयुष्यभरात खाते त्यातला 80 टक्क्यांहून अधिक पाला या शेवटच्या आठवड्यात खाते, आणि कोमेजलेल्या पाल्याला ती तोंड लावत नाही. फांद्या पहाटे कापा, ओल्या गोणपाटाखाली ठेवा, मोठा हप्ता रात्री द्या. फार जून, पिवळट पाल्यात पाणी आणि प्रथिने दोन्ही कमी. दाटीही तपासा, गर्दीत खालच्या अळ्या उपाशी राहतात.

प्रश्न : थंडीत कीटक मोठे होतात असे वाचले. मग डिसेंबरात आमच्या अळ्या लहान-मोठ्या का? – वाचक, दहिवडी

उत्तर : वाचलेले बहुतांशी खरे आहे, पण कीटक नीट खात असेल तरच. पारा 20 अंशांखाली गेला की रेशीम अळीचे खाणे मंदावते, दिवस लांबतात आणि सगळ्या एकदम कात टाकत नाहीत. पुढच्यांच्या सोयीने पाला टाकला तर कातेवर बसलेल्या (कात टाकण्यासाठी खाणे थांबवून निश्चल झालेल्या) मागच्या अळ्या त्याखाली दबतात. बहुतेक अळ्या कातेवर बसल्या की पाला बंद करा, चुना भुरभुरा, बिछाना कोरडा ठेवा. जवळजवळ सगळ्या कात टाकून उठल्यावरच पुन्हा सुरू करा. रात्री हीटर चालेल. बंद खोलीत कोळशाची शेगडी अजिबात नको, तिचा वायू अळ्यांना आणि माणसांनाही घातक.

प्रश्न : लहान पतंगाला खाऊ घालून मोठा करता येईल का? – विद्यार्थी, कराड

उत्तर : नाही. पंख फुटल्यावर पतंग कात टाकत नाही, त्यामुळे त्याचा आकार वाढत नाही. रेशमाचा पतंग तर काही खातच नाही.