विहाराची विटंबना आणि पोलिसांची ‘एनसी’

प्रश्न : आमच्या गावच्या बुद्धविहारात रात्री कोणीतरी शिरलं, मूर्तीला डांबर फासलं, बाबासाहेबांची तसबीर फोडली आणि भिंतीवर जातीवरून शिव्या लिहिल्या. पोलिसांनी किरकोळ नुकसानीची ‘एनसी’, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद केली. आरोपी अज्ञात असल्याने ॲट्रॉसिटी (अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायदा) लागत नाही, म्हणाले. सरपंच म्हणतात, तंटामुक्तीत मिटवा, नाहीतर विहार गायरानावर आहे हे निघेल. एक मित्र १९९१ च्या प्रार्थनास्थळ कायद्याखाली तक्रार करायला सांगतो. काय करावं? – एक वाचक

उत्तर : जयभीम. मित्राचा सल्ला आधी बाजूला ठेवा. १५ ऑगस्ट १९४७ रोजी एखाद्या प्रार्थनास्थळाचं जे धार्मिक स्वरूप होतं ते बदलू नये, यासाठी १९९१ चा कायदा आहे. रात्री येऊन डांबर फासणाऱ्याशी त्याचा काही संबंध नाही.

तुमच्या कामाचं कलम भारतीय न्याय संहितेतलं २९८, म्हणजे जुन्या दंडविधानातलं २९५. एखाद्या वर्गाच्या धर्माचा अपमान करण्याच्या हेतूने प्रार्थनास्थळाची किंवा त्या वर्गाला पवित्र वाटणाऱ्या वस्तूची नासधूस वा विटंबना केली, तर दोन वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. शिक्षा फार नाही, पण गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे. तेव्हा ‘एनसी’वर तुमची बोळवण करता येत नाही. दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाली की एफआयआर नोंदवणं बंधनकारक आहे, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ललिता कुमारी प्रकरणात २०१३ सालीच सांगितलं आहे. आरोपीचं नाव माहीत नसेल तर अज्ञात इसमाविरुद्ध गुन्हा दाखल होतो. घरफोडीत रोज होतो, मग इथेच का अडतो?

असे अर्ज बहुतेक लोक २९९ मागत येतात, कारण ‘धार्मिक भावना दुखावल्या’ हे शब्द तोंडात बसलेले असतात आणि तिथे शिक्षाही तीन वर्षांपर्यंत आहे. ते जरूर मागा, पण एकट्या त्यावर विसंबू नका. २९९ काय किंवा तेढ पसरवण्याचं १९६ काय, सरकारच्या पूर्वमंजुरीशिवाय न्यायालय त्यांची दखलच घेऊ शकत नाही. मंजुरीची फाईल मंत्रालयात कुठल्या टेबलावर किती दिवस झोपेल, हे कोणी सांगावं? २९८ ला ती मंजुरी लागत नाही, म्हणून ते अर्जात पहिलं हवं.

तसबिरीची पूजा होत नाही, मग ती पवित्र वस्तू कशी, असाही वाद घातला जाईल. १९५८ साली सर्वोच्च न्यायालयापुढे पेरियार रामस्वामींनी गणपतीची मातीची मूर्ती जाहीरपणे फोडल्याचं प्रकरण आलं होतं. वस्तू कितीही क्षुल्लक असो, एखादा वर्ग तिला पवित्र मानत असेल तर ती या कलमात येते आणि तिची प्रत्यक्ष पूजा झालेली असलीच पाहिजे असं नाही, असं न्यायालयाने म्हटलं. मात्र एवढं बोलूनही, मधे बरीच वर्षं गेल्यामुळे, खटला पुढे चालवला नाही. उशीर कसा अंगाशी येतो ते यातून बघा.

आता ॲट्रॉसिटी. अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना पवित्र वा आदरणीय असलेल्या वस्तूची नासधूस किंवा विटंबना हा कलम ३(१)(न) (इंग्रजी प्रतीत ३(१)(टी)) खाली स्वतंत्र गुन्हा आहे. पुतळा, छायाचित्र, तसबीर त्यात स्पष्टपणे धरली आहे. शिक्षा सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत. आरोपी अनुसूचित जाती-जमातीचा नसावा ही त्यात अट असल्याने पोलिसांचं म्हणणं अगदीच निराधार नाही. म्हणून अर्जात लिहा की भिंतीवरचा मजकूर जातिवाचक आहे आणि आरोपी निष्पन्न होताच हे कलम लावावं. एफआयआरआधी प्राथमिक चौकशी हवी असं कोणी म्हणालं तर २०१८ ला आलेलं कलम १८अ दाखवा, अशी चौकशी लागत नाही असं त्यात आहे. कलम लागलं की तपास किमान उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याकडे जातो. मात्र संशयावरून गावातली चार नावं फिर्यादीत घालू नका. संशय कोणावर आणि कशामुळे, ते जबाबात वेगळं सांगा.

भिंत अजून धुतली नसेल तर तशीच ठेवा. पंचनाम्याशिवाय रंग लावलात तर हेतूचा सगळ्यात मोठा पुरावा गेला, कारण अपमानाचा हेतू त्या शिव्यांमधूनच दिसतो. धुतली असेल तर मोबाईलमधले मूळ फोटो जपा, तो मोबाईल विकू नका. आसपास कॅमेरा असेल तर चित्रण पुसलं जाण्याआधी जप्त करण्याची लेखी मागणी आजच करा.

गायरानाची भीती खोटी नाही, पण तिचा या गुन्ह्याशी संबंध नाही. २९८ मध्ये सातबारा कोणाच्या नावावर आहे हे विचारलेलं नाही. अतिक्रमण हा महसुलाचा वेगळा विषय आहे. सार्वजनिक जागेवर नवी अनधिकृत प्रार्थनास्थळं होऊ देऊ नका, असा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश २९ सप्टेंबर २००९ चा आहे आणि त्याआधीच्या बांधकामांचा विचार प्रकरणागणिक करायचा आहे. तुमचा विहार त्याआधीचा असेल तर जुनी वीजबिलं, ग्रामपंचायतीचे ठराव, नमुना ८ चा (ग्रामपंचायतीच्या कर आकारणी नोंदवहीचा) उतारा, जयंतीचे जुने फोटो आत्ताच गोळा करा. नोटीस आली तर उपयोगी पडतील.

तंटामुक्तीत बसायला हरकत नाही, चहा प्या. पण २९८ तडजोडीने मिटणारा गुन्हा नाही, ॲट्रॉसिटीही नाही. समितीच्या कोऱ्या किंवा अर्धवट कागदावर सही करू नका.

ठाण्यात लेखी अर्ज देऊन पोच घ्या. नोंद झाली नाही तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या) कलम १७३(४) प्रमाणे पोलीस अधीक्षकांना टपालाने तक्रार पाठवा. तिथेही दाद लागली नाही तर वकिलामार्फत शपथपत्रासह न्यायालयात अर्ज करा. कामात जाणूनबुजून कसूर करणाऱ्या अधिकाऱ्यासाठी ॲट्रॉसिटी कायद्यात कलम ४ आहे, पण ते पहिल्याच भेटीत ठाणेदारापुढे आपटू नका. आधी पोच हातात येऊ द्या.