एक मिलिमीटरच्या चिपचा खेड्यातल्या माणसाला उपयोग काय?

तुम्ही विचारलंय की मिलिमीटरभर कॉम्प्युटर चिप निघाल्याच्या बातम्या येतात, पण शेतकऱ्याच्या घरी ती काय कामाची? माझं यवतमाळ जिल्ह्यात मोटार वायंडिंग आणि झटका मशीन (कुंपणाच्या तारेत विजेचा झटका सोडणारं यंत्र) दुरुस्तीचं दुकान आहे, तेव्हा दुकानात जे दिसतं त्यावरूनच सांगतो.

वावराला रानडुक्कर अन् रोह्यांसाठी (नीलगायींसाठी) झटका मशीन लावलं असेल तर ते उघडून बघा. डोळ्यांत भरतात ते व्होल्टेज वाढवणारा ट्रान्सफॉर्मर आणि वीज साठवणारा कपॅसिटर. बाजूला आठ पायांची एक चिप असते. तिच्यावरचा नंबर बरेचदा घासून टाकलेला, कोणी नक्कल करू नये म्हणून. सगळा कारभार तिच्याकडे. कपॅसिटर भरला की साधारण सेकंदाला एकदा तारेत झटका सोडायचा आणि तो सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आत संपवायचा. व्होल्टेज हजारांत, पण वेळ इतका थोडा की जनावर दचकून पळतं, मरत नाही. (घरची लाईन थेट कुंपणात सोडणाऱ्यांनी हे दोनदा वाचावं. त्यात डुक्करही मरतं आणि शेजारीही.) काही मशीनमध्ये तार तुटली की हीच चिप भोंगा वाजवते, म्हणजे जागलीला गेलेल्याला जरा डोळा लावता येतो.

एवढ्या कामाला डोकं फार लागत नाही. एटीटायनी ८५ ही अशीच आठ पायांची चिप: प्रोग्रॅमसाठी ८ केबी जागा आणि ५१२ बाइट रॅम, म्हणजे काम चालू असताना लागणारी तात्पुरती जागा. मोबाईलमधला एक फोटो तिच्यात मावणार नाही, पण झटका मशीनला पुरून उरते.

आता लहान आकाराचं. आयबीएमने २०१८ मध्ये एक मिलिमीटर लांबी-रुंदीचा कॉम्प्युटर दाखवला. २०२५ मध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने १.३८ चौरस मिलिमीटरची चिप आणली. ती झटका मशीनमध्ये बसवली तरी डबा तेवढाच राहणार, कारण जागा खातात बॅटरी आणि ट्रान्सफॉर्मर. उलट बिघडली तर माझ्या सोल्डरिंग गनने ती निघायचीही नाही. लहान चिपचा खरा फायदा वेगळाच आहे: सिलिकॉनच्या एकाच चकतीतून जास्त नग निघतात, म्हणून ती स्वस्त पडते. डिजिटल थर्मामीटर उघडलात तर बाळाला तीट लावावी तसा काळा ठिपका दिसेल, त्याखाली चिपच आहे.

जिथे जागाच नाही तिथे मात्र आकार कामी येतो. ऐकू येण्यासाठीचं कानातलं मशीन घ्या, किंवा पोटात गिळायची कॅमेरा-गोळी. मिशिगन विद्यापीठाच्या लोकांनी तर ताहिती बेटावर गोगलगायींच्या शंखावर कॉम्प्युटर चिकटवून त्या किती उन्हात फिरतात ते मोजलं. आपण गोगलगाय दिसली की तिला मारायचं औषध, मेटाल्डिहाइड, शोधतो.

गुरांबद्दल एक गैरसमज दुकानात नेहमी ऐकू येतो. बैलाच्या कानातल्या पिवळ्या बिल्ल्यात चिप नसते, नुसता बारा अंकी नंबर आणि बारकोड असतो. कातडीखाली सोडायची काचेची चिप असते खरी, पण तिला बॅटरी नसते. रीडर अगदी जवळ नेला की त्याच्या लहरींवर ती जागी होते आणि नंबर सांगते, बस. चोरीला गेलेला बैल मोबाईलवर दिसायला गळ्यात जीपीएस, सिम आणि बॅटरीचा पट्टाच लागतो. ‘चिप लावून देतो, बैल कुठेही सापडेल’ म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका.

मला विचाराल तर अशी बारीक चिप कपाशीच्या बियाण्याच्या पाकिटात हवी. छापलेला क्यूआर कोड बोगस बियाणंवाला जसाच्या तसा छापून घेतो. आत गुप्त किल्ली, म्हणजे बाहेरून वाचता न येणारा आकडा, असलेल्या चिपची नक्कल करणं त्याच्या आवाक्याबाहेरचं, आणि पाकीट फाडताना तिची अँटेना तुटेल अशी बसवली तर रिकामं पाकीट पुन्हा भरून विकणंही बंद. अडचण वाचण्याची आहे. त्यासाठी मोबाईलमध्ये एनएफसी, म्हणजे जवळ धरलं की अशी चिप वाचणारी सोय, लागतं आणि गावात चालणाऱ्या स्वस्त फोनमध्ये ते सहसा नसतं. रीडर कृषी केंद्राच्या काउंटरवर ठेवला तरी चालेल, पण तो दुकानदाराचा नको, कृषी विभागाच्या ताब्यातला हवा.