बागकाम: तुमचे प्रश्न, आमची उत्तरं

प्रश्न: ताई, ऑगस्ट संपत आला, काकडी आटोपली, दोन वाफे रिकामे पडलेत. आता काही पेरलं तर येईल का? की सरळ पुढच्या वर्षाचं बघू?

येईल की! पण पाकिटावर लिहिलेल्या दिवसांवर भरवसा ठेवू नका, तिथेच सगळे फसतात. ते दिवस वाढत्या उजेडाचे असतात आणि तुम्ही पेरताय उतरत्या उजेडात. म्हणून हिशोब उलटा करायचा. तुमच्याकडे पहिला फ्रॉस्ट, म्हणजे दव गोठून रोपांवर बर्फ धरणारी थंडी, साधारण कधी पडतो ती तारीख घ्या, त्यातून पाकिटावरचे दिवस वजा करा, आणि वर अजून 14 दिवस वजा करा, कारण दिवस लहान होत जातात तशी रोपं रेंगाळतात. समजा फ्रॉस्ट 20 ऑक्टोबरला येतो आणि पानांचं लेट्यूस 45 दिवसांचं आहे, तर पेरायचा दिवस निघतो 22 ऑगस्ट. मुळा 28 दिवसांचा, म्हणजे 8 सप्टेंबरपर्यंत चालेल. पालक, लेट्यूस, केल (कोबीच्या कुळातली पालेभाजी) हलका फ्रॉस्ट झेलतात त्यामुळे चार-आठ दिवस इकडेतिकडे झाले तर काही बिघडत नाही, पण फरसबी, काकडी असल्या नाजूक मंडळींचा नाद आता सोडा. (दक्षिण गोलार्धात असाल तर सगळ्या तारखा सहा महिने सरकवा, तिकडे शरद मार्चमध्ये लागतो.)

अजून एक, आणि हे कोणी सांगत नाही म्हणून जरा जोर देऊन सांगते. दिवस 10 तासांपेक्षा लहान झाला की बहुतेक भाज्यांची वाढ जवळजवळ थांबते, वर कितीही झाकलंत तरी. 45 अंश अक्षांशावर हे साधारण 5 नोव्हेंबरच्या सुमारास होतं आणि फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यापर्यंत टिकतं. विषुववृत्तापासून 30 अंशांच्या आत राहणाऱ्यांचा दिवस 10 तासांखाली जातच नाही, ती मंडळी नशीबवान. बाकीच्यांनी काय करायचं, तर तोपर्यंत रोप तीन चतुर्थांश तरी मोठं झालेलं असेल असं बघायचं. मग ते वाढत नाही पण उभं राहतं, आणि तुम्ही लागेल तशी पानं खुडत राहता.

प्रश्न: शरदासाठी म्हणून पालक पेरला, दोनदा पेरला, एक कोंब नाही. बी जुनं असेल का?

बी नाही, माती तापलीये. जमीन 30 अंशांच्या वर गेली की पालकाचं बी उगवायला नाखूश असतं, लेट्यूस तर त्याहून नखरेल. संध्याकाळी पेरा, सरीत आधी पाणी ओता मग बी टाका, वरून एक लाकडी फळी ठेवून द्या. पण फळी रोज उचलून बघायची हां, कोंब दिसला की त्याच क्षणी काढायची. मी एकदा तीन दिवस विसरले, खाली सगळी पांढरी लांबच लांब दोऱ्यासारखी रोपं, एकही जगलं नाही.

प्रश्न: गेल्या वर्षी थंडीत वाफ्यावर प्लॅस्टिक घातलं होतं तरी पानं मेली. मग झाकून उपयोग काय?

प्लॅस्टिक पानांना टेकलं होतं ना? माझंही अगदी हेच झालं होतं. सकाळी उचलायला गेले तर लेट्यूसची पानं आतून चिकटलेली, काचेसारखी पारदर्शक, आणि ऊन चढल्यावर उकडल्यासारखी काळपट लोळागोळा. जिथे टेकतं तिथे गारवा थेट पानात जातो. तारेच्या किंवा पाइपच्या कमानी करा, म्हणजे मध्ये हवा राहील.

आणि मुळात कव्हर उष्णता तयार करत नाही, जमिनीची ऊब धरून ठेवतं एवढंच. फ्रॉस्ट पडतो तो बहुतेक निरभ्र आणि वारा नसलेल्या रात्री, दिवसभर जमिनीने साठवलेली ऊब सरळ आकाशात निघून जाते. म्हणून सूर्य मावळायच्या आधीच झाका, अंधार पडल्यावर टॉर्च घेऊन पळापळ करण्यात अर्थ नाही, तोवर ऊब गेलेली असते. कडा जमिनीला टेकवून विटांनी दाबा. माती कोरडी असेल तर दुपारी पाणी द्या, ओली माती जास्त ऊब साठवते. पातळ नॉनवोव्हन (न विणलेलं) कापड, चौरस मीटरला 17-20 ग्रॅमवालं, एक-दोन अंशांचा आधार देतं, जाड 50 ग्रॅमवालं तीन-चार अंशांचा, पण जाड कापड उजेड अडवतं म्हणून ते फक्त रात्रीपुरतं. प्लॅस्टिक असेल तर सकाळी ऊन आलं की उघडायलाच हवं, नाहीतर आत भट्टी होते आणि पानं दमट राहून बुरशी धरते.

प्रश्न: झाडावर अजून चाळीसेक हिरवे टोमॅटो आहेत, काय करू?

पुढच्या वर्षी फ्रॉस्टच्या महिनाभर आधी शेंडे खुडा, म्हणजे नवीन फुलांवर ताकद वाया जाणार नाही. यंदा फ्रॉस्टच्या आदल्या दिवशी सगळे तोडून घरात आणा, गोठलेलं फळ सडतंच. ज्यांचा हिरवा रंग फिकट, पांढुरका झालाय तेच पिकतील, गडद हिरवे टणक राहतात. 18 ते 21 अंशांत ठेवा, शेजारी एखादं पिकलेलं केळं, त्यातून इथिलीन हा फळं पिकवणारा वायू निघतो. खिडकीत उन्हात मांडायची गरज नाही, पिकायला ऊब लागते, उजेड नाही. फ्रिजमध्ये तर नकोच.

प्रश्न: फ्रॉस्टनंतर केल आणि गाजर गोड लागतात म्हणे, खरंय की उगाच?

खरंय. थंडीत रोप स्वतःला गोठण्यापासून वाचवायला साठवलेल्या स्टार्चची साखर करतं, म्हणून घाईने उपटू नका. गाजरावर वीतभर कोरडा पाला पसरा आणि लागतील तशी काढा, फक्त ओळ कुठे होती तिथे एक काठी रोवून ठेवा, पाल्याखाली काही म्हणजे काही सापडत नाही.