एआय संशोधन खुल्या सहकार्याने पुढे जाईल की कंपन्यांमुळे?
दोन्ही लागतात, पण माझं मन खुल्या कामाकडे आहे. एआय शिकवायला लागणाऱ्या हजारो जीपीयू चिप्सचा खर्च कंपन्याच पेलतात, हे मान्य. तरी २०२२ चं ब्लूम हे खुलं भाषा-मॉडेल बघा: हजारावर संशोधक, फ्रान्सचा सरकारी महासंगणक, १७६ अब्ज पॅरामीटर (म्हणजे मॉडेलने शिकलेले आकडे), आणि ४६ भाषांत आपली मराठीसुद्धा!

इथे बडोद्यात, दांडिया बाजारातल्या आमच्या मंडळाची गणपतीची पत्रकं मी मराठीतून गुजरातीत करतो ती इंडिकट्रान्स२ या भाषांतराच्या मॉडेलवर. आयआयटी मद्रासच्या एआयफॉरभारत या संशोधन गटाने ते सर्वांसाठी खुलं केलंय. २२ भारतीय भाषा, आणि छोटं मॉडेल माझ्या जुन्या लॅपटॉपवर इंटरनेटशिवाय चालतं. आरास, महाप्रसाद, विसर्जनाची वेळ एवढं डोळ्यांखालून घातलं की पत्रक छापायला जातं.

फक्त 'ओपन' या शब्दावर लगेच भाळू नका. मेटाच्या लामा या मॉडेलचे वेट्स, म्हणजे त्याचे शिकलेले आकडे, उतरवून घेता येतात, पण ते ज्यावर शिकलं तो डेटा दिलेला नाही.