खोली द्यायची नाही

पोरी,

तुझं लांबलचक पत्र पोचलं. स्टुडिओचा नकाशा पाहिला, होमस्टेचा हिशेब पाहिला, उत्तरेकडच्या काचेच्या भिंतीचं कोटेशन वाचून चहा तसाच राहिला. आणि या सगळ्याच्या मधोमध तू एक वाक्य टाकून पुढे निघून गेलीस: 'टेबलावर सध्या काकांच्या काजूबियांच्या गोण्या आहेत, भाव चढला की नेतील.'

तुझं दुखणं तेवढंच आहे. बाकीची पानं त्या गोण्यांकडे बघायला नको म्हणून लिहिलीस.

दिवाळीनंतर पुणं सोडून कोकणात आजोबांच्या घरात आलीस आणि आजवर छापायचा एक ठोकळा कोरला नाहीस, म्हणून तुला वाटतंय की गाव आपल्याला मानवत नाही, आपल्यात ती धमकच नाही. कसली धमक? हत्यारं ट्रंकेत, शाईचे डबे न्हाणीच्या माळ्यावर, कागद पलंगाखाली. अशा घरात कुणीच काम केलं नसतं. मागे फोनवर सांगितलं होतं तेच परत सांगते, आणि या पत्रात आणखी दोन-चारदा सांगणार आहे. एक खोली कामाची. तिच्यात दुसरं काही येणार नाही आणि ती कुणालाही द्यायची नाही.

'घर एकदा नीट लावून घेते, मग कामाला बसते', असं तू लिहितेस. बाई गं, जुनं कौलारू घर कधी लागून होत नाही. यंदा शाकारणी केलीस की पुढच्या वर्षी परत करायची, कारण मधल्या काळात माकडं छपरावर नाचलेली असतात. इकडची रीप बदललीस की वाळवी तिकडच्या वाशावर चढते. जांभ्याच्या भिंतीला ओल येते, शेणाची जमीन उखणते, विहिरीच्या पंपाचा फूटव्हॉल्व्ह नेमका पाहुणे आल्यावर बसतो. हे सगळं संपल्यावर काम करीन म्हणणारी माणसं मी इथे पाहिली आहेत. त्यांची घरं फार सुंदर झाली. काहींच्या घरांचे फोटो मासिकांत छापून आले.

कोकणातल्या घरात कोरडी खोली म्हणजे काय चीज असते हे तुला अजून माहीत नाही. तुझा इथला एकही पाऊस झालेला नाही. जूनच्या सुरुवातीला तो लागला की सप्टेंबर संपेपर्यंत ३००० मिलिमीटरच्या आसपास पडून जातो, आणि त्या चार महिन्यांत घरातली एकूणएक वस्तू कोरड्या खोलीकडे सरकत असते. आमसुलं, सोललेली सुपारी, सुक्या बांगड्यांची पिशवी, जळणाची लाकडं, शाळकरी पोरांची दप्तरं. शेजाऱ्याचं बांधकाम अडलं की त्याच्या सिमेंटच्या दोन गोण्या. कुणाच्या मनात वाईट नसतं. जो तो म्हणतो, 'तुझी खोली रिकामीच आहे ना?' आणि तू आत बसलेली असलीस तरी त्यांच्या हिशेबी ती रिकामीच असते.

त्यात सगळ्यात वाईट ओले कपडे. जुलैत कुठेच काही वाळत नाही, म्हणून कुणीतरी फार प्रेमाने तुझ्या खोलीत दोरी बांधून देईल. आता तुझं काम आठव. तेलाची शाई पुण्यात दोन-तीन दिवसांत वाळायची, ती इथे आठवडा आठवडा चिकट राहते. प्रिंट टांगलेले आणि शेजारी टॉवेल ठिबकतोय. कागद ओल ओढतो, पांढऱ्यावर पिवळे ठिपके पडतात, मग कसर लागते. मी कागदाच्या कपाटात खालच्या कप्प्यात साठ वॅटचा बल्ब पेटता ठेवते. जुना, तारेचा. एलईडी लावून काही उपयोग नाही, तो तेवढा गरमच होत नाही. तारेचे बल्ब हल्ली शोधावे लागतात, मिळतील तेव्हा चार जास्तीचे घे, आणि बल्बला कागद टेकणार नाही अशी जाळी बसवून घे.

आता माझं. गावात माझ्याबद्दल काय बोलतात ते तुझ्या कानावर आलंच असेल.

आम्ही मुंबई सोडली तेव्हा कोकण रेल्वे नुकतीच सलग सुरू झाली होती, १९९८ साल. आम्ही गाडीने आलो, माझा छपाईचा प्रेस ट्रकने आला. ह्यांचं वडिलोपार्जित घर. ओटीला लागून भाताची खोली होती, तिच्यात प्रेस बसवला. सासूबाईंनी भात माजघरात हलवू दिला, कुरकुर केली नाही, हे त्यांचे उपकार. मग गणपती आले. दीर, जाऊ, मुलं, दिराचे सासरचे, सगळे मुंबईहून उतरले आणि गाद्या माझ्या दाराशी येऊन पडल्या. दाराला कुलूप होतं. सासूबाई म्हणाल्या, 'खोलयेक कुलूप कित्याक? घरात चोर इले काय?' जाऊ म्हणाली, चार रात्रींचा तर प्रश्न आहे, प्रेसवर चादर टाकू.

मी कुलूप काढलं नाही.

ते पडवीत झोपले. रात्री झड आली, झावळ्यांचे झाप होते तरी पाणी आत आलं, आणि धाकट्या पुतण्याला ताप भरला. पुढच्या वर्षी मी माळ्यावर नीट फळ्या ठोकून, गाद्या शिवून घेऊन सोय केली. जावेला ती भीक वाटली. आता ते तालुक्याच्या गावी लॉजवर उतरतात, आरतीला येतात, प्रसाद घेऊन जातात. तो पुतण्या मुंबईत चांगल्या नोकरीला आहे. भेटला की वाकून नमस्कार करतो, माझ्या खोलीत मात्र त्याने कधी पाऊल टाकलेलं नाही. मला त्याचं वाईट वाटतं. फार वाटतं.

तरी कुलूप लावलं ते बरोबरच लावलं. हे अजूनही म्हणतात, चार रात्रींनी काय झालं असतं? अहो, चार रात्रींचा प्रश्न नव्हताच. गणपतीला उघडली असती तर जत्रेला उघडावी लागली असती, मग शिमग्याला, मग मेच्या सुट्टीत. आणि समजा त्या खोलीत ह्यांचा दवाखाना असता, तर तपासायच्या टेबलावर कुणी गाद्या टाकल्या असत्या का? ह्याचं उत्तर मला आजतागायत कुणी दिलेलं नाही. बाईमाणूस लाकूड कोरत बसते तो तिचा छंद, आणि छंदावर चादर टाकता येते. मी देवाधर्माच्या आड आले असंही बोललं गेलं. गणपतीमागची भिंत दरवर्षी मीच चितारते, रात्री जागून, आणि गणपतीवर टांगायच्या माटवीला कवंडळं, हरणं अशी रानफळं-रानफुलं शोधायला रानातही मीच जाते. देवाला माझी तक्रार नसावी. घरासाठी जे मागितलं ते केलं, खोली तेवढी दिली नाही. पण हे तुला का सांगत बसले? तुझ्याकडे अजून फक्त काजू आहेत, त्यात ताप आलेलं पोर नाही. आत्ताच सोपं आहे, म्हणून.

तुझा तो नकाशा. सहाशे चौरस फूट, उंच छत, काचेची भिंत. उत्तरेचा उजेड म्हणजे दिवसभर सारखा, थेट ऊन नाही, हे कलाशाळेत आपल्याला पढवलेलं असतं. युरोपात ते बरंचसं खरं आहे. तू बसलीस १६ अंश अक्षांशावर. मेच्या पहिल्या आठवड्यापासून ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंत माध्यान्हीचा सूर्यसुद्धा आपल्या डोक्यावरून उत्तरेला गेलेला असतो, आणि सकाळ-संध्याकाळ तर उत्तरेच्या भिंतीवर तिरपं ऊन थेट पडतं. मेमध्ये त्या काचेमागे तुझा लिनो, कोरायची ती मऊ लादी, भाजून निघेल. हे कोटेशन देणाऱ्याने तुला सांगितलं नाही, कारण त्याला काच विकायची आहे. छपराच्या उत्तरेच्या पाख्यात तीन काचेची कौलं बसव. खाली मांजरपाटाचा तुकडा ताणून बांध, म्हणजे कवडसा कागदावर येणार नाही, मऊ उजेड उतरेल. काही शे रुपयांचं काम आहे.

आणि मुळात आहे त्या घरात एक खोली राखता येत नसेल तर सहाशे फुटांची कशी राखणार? तिच्यात तर गावजेवणाची भांडी मावतील.

पिंगुळीला जाऊन ये, कुडाळहून हाकेच्या अंतरावर आहे. ठाकर समाजाची चित्रकथी, म्हणजे चित्रं दाखवत गोष्ट सांगायची कला, आणि कळसूत्री बाहुल्या जपणाऱ्या परशुराम गंगावणे यांनी आपल्या गोठ्याचंच संग्रहालय केलं. २०२१ साली त्यांना पद्मश्री मिळाली. दुसरं टोक बघायचं तर सावंतवाडीचा राजवाडा. विझत चाललेली गंजिफा, म्हणजे हाताने रंगवायचे खेळायचे पत्ते, शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी परत उभी केली ती वाड्यातच, दरबार हॉलमध्ये कारागीर बसवून. दशावतारी गंजिफाच्या एका संचात १२० गोल पानं, प्रत्येक हाताने रंगवलेलं, आणि रंगवणारा खाली बसून, पुढ्यात बुटकं मेज घेऊन. एकीकडे गोठा, एकीकडे दरबार हॉल. गोठ्यात चित्रं आल्यावर वैरण आत आली नाही आणि दरबारात रंग मांडले ते रोज उचलावे लागले नाहीत. मी वेगळं काय सांगतेय?

होमस्टेबद्दल थोडक्यात. करायचा असेल तर कर, पैसे लागतात, मला कळतं. पण पाहुणे येतात ते दिवाळी ते मे, आणि तुझ्या शाईला वाळायला बरे दिवसही तेच. म्हणजे कोरड्या दिवसांत तू घावणे घालणार आणि पावसात प्रिंट काढणार. त्यापेक्षा पुण्याची चित्रांची कामं महिन्याला दोन घे आणि ती खोलीत बसून कर. वर्कशॉप, रेसिडेन्सी वगैरे मला विचारू नकोस. ज्या घरात यजमानीणच काम करत नाही तिथे पाहुण्यांनी येऊन काय शिकायचं?

शेजारची वरकस, म्हणजे डोंगरउताराची हलकी जमीन घेण्याचा विचार तूर्त सोड. शेतकरी असल्याशिवाय शेतजमीन घेता येत नाही, हा १९४८चा कुळकायदा आहे. तुझ्या बाबांचं नाव सातबाऱ्याला लागलंय का ते आधी बघ. आणि घर सामाईक आहे, तेव्हा नवं काहीही उभं करण्याआधी हिस्सेदारांच्या सह्या लागतील. आहे ती खोली झाडून घ्यायला कुणाची सही लागत नाही.

आता काकांचं. भांडू नकोस. भाव कधी चढेल हे ब्रह्मदेवालाही माहीत नाही, तेव्हा भावाची वाट बघू नकोस. गोण्या तू स्वतः ओढून ओटीवर लाव, खाली फळ्या घाल, ओल लागायला नको. काकूंना चहाला बोलाव आणि त्यांच्यासमोर एक ठोकळा छापून दाखव, जुना असला तरी चालेल. कागद उचलल्यावर उलटं चित्र सुलटं झालेलं माणसांनी एकदा पाहिलं की खोलीत काहीतरी चालतं एवढं त्यांना पटतं. त्यानंतर रोज ठरलेल्या वेळी आत जायचं, दार लावायचं. कोरायला काही सुचलं नाही तर हत्यारं पाजळ, पण उठू नकोस. गावाला तुझं चित्र कळेल न कळेल, वेळ बरोब्बर कळते. महिन्याभरात काकूच लोकांना परत पाठवतील, 'ता कामात असा, मगे येवा.' माझ्याकडे हे सासूबाईंनी केलं. कुलपावरून मला बोलणाऱ्या त्याच बाई पुढे दाराशी खुर्ची टाकून बसायच्या, आणि पोस्टमनलासुद्धा सोडत नसत.

पुण्याला परत जाऊ का, हे मला ऑक्टोबरात विचार. एक पावसाळा त्या खोलीत काढ, बिघडलेले, डाग पडलेले, कसेही असोत, प्रिंट घेऊन ये, मग बोलू. त्याआधी विचारलंस तर उत्तर देणार नाही. शाकारणीवाल्याला आजच सांगून ठेव, मेच्या पंधरवड्यानंतर माणूस मिळत नाही आणि मिळाला तर तोंडाला येईल तो दर सांगतो.

तुझी
मावशी

ता. क. काचेची तीन कौलं माझ्याकडे पडून आहेत, घेऊन जा. पण तुझं छप्पर मंगळुरी कौलांचं आहे की नळीच्या, हे तू एवढ्या मोठ्या पत्रात कुठेच लिहिलेलं नाहीस. नळीचं असेल तर ती बसणार नाहीत. मंगळुरी असलं तरी कारखान्यागणिक खाच वेगळी असते, तेव्हा येताना एक कौल पिशवीत घालून आण.