एकही कोच रिप्लाय देत नाहीये, उशीर झाला का?

गेल्या मे महिन्यात बाप-लेक आले होते माझ्याकडे सल्ल्याला, न्यू जर्सीतलं मराठी घर, मुलगी हायस्कूलच्या सॉफ्टबॉल टीमची पिचर, म्हणजे बॉल टाकणारी, दहावी संपत आलेली. (ओळखीच्या खुणा बदलल्यात.) बसल्या बसल्या बाबांनी फोन पुढे केला, मुलीला टीममध्ये घ्या म्हणून 46 कॉलेजांच्या कोचना मेल पाठवलेत, व्हिडिओ जोडलेत, आणि रिप्लाय काय तर समर कॅम्पची जाहिरात. "मॅडम, मुलगी कमी पडतेय की आम्हालाच उशीर झाला?" हा प्रश्न मला दर सीझनला कोणीतरी विचारतंच.

म्हटलं, अहो, डिव्हिजन वनच्या, म्हणजे कॉलेज खेळातल्या सगळ्यात वरच्या गटाच्या कोचला अकरावीच्या 1 सप्टेंबरआधी मुलीशी रिक्रूटिंगचं, म्हणजे टीममध्ये घेण्याचं बोलायलाच बंदी आहे! 2018 मध्ये नियम कडक केला, त्याआधी आठवी-नववीतल्या मुलींकडून तोंडी होकार घेऊन ठेवायचे. आता तोवर कॅम्पची माहिती किंवा एखादा फॉर्म एवढंच पाठवता येतं, त्यामुळे मेमधल्या शांततेला होकारही समजू नका नि नकारही. आणि कॅम्पचे मेल ढिगाने जातात, तेही निवड झाली समजून पैसे भरू नका.

बाबांचा जीव भांड्यात पडला. मुलीचा नाही, ती आपली नखं बघत बसलेली. मग बाबांना जरा बाहेर बसवलं.

"मेल कोणी लिहिलेत गं?"

"बाबांनी. माझ्या नावाने. आय ॲम पॅशनेट वगैरे मी लाइफमध्ये कधी बोलले नाहीये."

मग हळूहळू निघालं. इथे पिचरचे बाबा बादली उलटी टाकून तिच्यावर बसतात नि मुलीचे बॉल पकडतात, बकेट डॅडच म्हणतात त्यांना. हिचे बाबा सांगलीत टेनिस बॉल क्रिकेट खेळलेले, सॉफ्टबॉल सगळं यूट्यूबवर शिकले, मागच्या अंगणात टेपने पिचिंगचं अंतर मोजून खूण केली आणि सहा वर्षं ऑफिसमधून आले की बादलीवर. "मला कोणी घेतलंच नाही तर ते एवढी वर्षं कशाला बसले?" म्हणाली आणि रडायला लागली.

मी समजूत घातली नाही. बाबांना आत बोलावलं आणि तिलाच परत बोलायला लावलं. ते बराच वेळ गप्प, मग म्हणाले, "गुडघे दुखतात म्हणून बादली, नाहीतर कीपरसारखा बसलो असतो." ती रडता रडता हसली. (माझ्या दहा वाक्यांनी झालं नसतं ते.)

पुढच्या वेळेस यादी तिच्या हातात दिली. एकच प्रश्न, उद्या खांदा गेला, खेळ बंद झाला, तरी या कॉलेजात शिकशील? 46 ची 11 झाली. त्यात पाच डिव्हिजन थ्री, म्हणजे तिसऱ्या गटातली, तिथे खेळाची स्कॉलरशिप नसतेच, तर बाबा म्हणाले मग उपयोग काय. म्हटलं मार्कांवर आणि घरच्या उत्पन्नावर मदत तिथेही मिळते, आणि डिव्हिजन वनला तरी कुठे सगळ्यांची पूर्ण फी सुटते, वर्षानुवर्षं टीमला 12 स्कॉलरशिप आणि त्याचेच तुकडे करून वाटायचे, 2025 पासून बऱ्याच ठिकाणी ती मर्यादा गेली तरी पैसा काही सगळ्यांना पुरत नाही. शिवाय हायस्कूलचे 16 कोअर कोर्स (इंग्रजी, गणित, सायन्ससारखे मुख्य विषय) नीट झाले नाहीत तर डिव्हिजन वनला बॉल कितीही चांगला टाकत असो, खेळताच येत नाही, ते आधी शाळेतल्या काउन्सेलरकडून तपासून घ्या.

डिव्हिजन थ्रीला ती सप्टेंबरची तारीख लागू नाही. तिने स्वतः चार ओळी लिहिल्या, तिच्या भाषेत, आणि दोन दिवसांत एका कोचचा रिप्लाय, समरला कुठल्या टुर्नामेंट खेळतेस ते कळव. एवढंच, ऑफर नाही काही.

1 सप्टेंबरला रात्री बाबांचा मेसेज, "कोणाचा फोन आला का असं तिला विचारू का?" मी लिहिलं, नको. त्यांनी अंगठा पाठवला. पाच मिनिटांनी परत, "विचारलं. म्हणाली बाबा, आधी जेवू दे."